देवळाची कवायत

कोणत्याही कचेरींत, पेढींत वा कारखान्यांत दोन प्रकारचीं कामें असतात. कांहीं प्रसंगानें उद्भवतात. त्यांस बुद्धि लागते. दुसरीं रोज, दर महिन्यास किंवा दर वर्षास ठराविक वेळीं परत येतात. त्यांस बुद्धीपेक्षां आठवण अधिक लागते. आणि माणसाची आठवण तर फार बेभरंवशाची वस्तु! म्हणून वरचेवर येणारें काम कोणाच्या लहरीवर न सोडतां तें आपोआप वेळेवर व्हावें अशी तजवीज करणें, ही मनुष्याची फार जुनी खटपट आहे.

आज ती खटपट संगणकावर सोंपविली जाते. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत युनिक्स नांवाची संगणकप्रणाली वाढीस लागली. तिच्यांत ‘क्रॉन’ नांवाचा एक लहानसा कारभारी आहे. त्याच्या टिपणांत प्रत्येक कामासाठीं एक ओळ असते. ओळींत मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशीं पांच घरें असतात, व त्यांच्यापुढें करावयाचें काम लिहिलेलें असतें. वेळ भरली कीं काम सुरू होतें. कोणीं हांक मारावी लागत नाहीं. परंतु हीं पांच घरें मांडलीं जाण्यापूर्वीं कित्येक शतकें हीच युक्ति यंत्रावांचून, माणसांच्या साखळीनें चालत आलेली आहे. तिचें एक ठळक उदाहरण धाराशिव जिल्ह्यांत, बालाघाटाच्या डोंगरांत वसलेल्या तुळजापुरास पाहावयास मिळतें.

वेळेवर काम करावयाचें तर आधीं वेळ कळली पाहिजे. आपल्याकडे त्यासाठीं घटिकापात्र होतें. तळाशीं बारीक छिद्र असलेलें तांब्याचें भांडें पाण्यावर सोडीत. तें भरून बुडालें कीं एक घटिका, म्हणजे २४ मिनिटें झालीं. अशा ६० घटिकांचा एक अहोरात्र आणि त्याचेच आठ प्रहर. आज मनगटावर बांधतात त्या घड्याळाच्या नांवांत ती घटिका अजून शिल्लक आहे. युरोपांतहि हीच गरज प्रथम धर्मस्थानांस भासली. सहाव्या शतकांत बेनेडिक्ट या साधूनें आपल्या मठांसाठीं जे नियम केले, त्यांत अहोरात्रांतील प्रार्थनांचा क्रम बांधून दिलेला होता. पुढें तेराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे यांत्रिक घड्याळें दिसूं लागलीं. वेळेची शिस्त गिरणीनें माणसास शिकविली असें समजण्याचा प्रघात आहे. वस्तुतः गिरणीचा भोंगा हा देवळाच्या घंटेचा धाकटा भाऊ होय.

तुळजापूरच्या तुळजाभवानी मंदिराचा दिवस पहाटेच्या चरणतीर्थानें उघडतो. त्यानंतर सकाळचे अभिषेक, नैवेद्य, धुपारती, सायंकाळीं पुन्हां अभिषेक, आणि रात्रीं गाभाऱ्याच्या स्वच्छतेची प्रक्षाळपूजा. या क्रमांत एक खुबी आहे. प्रत्येक विधि केवळ घड्याळाला बांधलेला नसून मागच्या विधीलाहि बांधलेला आहे. चरणतीर्थ झाल्यावांचून अभिषेक नाहीं. नैवेद्याची तयारी झाल्यावांचून पुढें पाऊल नाहीं. पहिलें काम पुरें झालें हीच दुसऱ्या कामाची सूचना. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा अशा गर्दीच्या दिवशीं चरणतीर्थ पुष्कळ आधीं, मध्यरात्र उलटतांच होतें. मग सगळी साखळीच मागें सरकते, पण तिची एकहि कडी गळत नाहीं.

काम कोणतें व केव्हां हें ठरलें तरी तें कोणीं करावें हा प्रश्न उरतो. त्याचें उत्तर एका लहानशा शब्दांत आहे: पाळी. येथील पूजेचा मान भोपे पुजाऱ्यांच्या घराण्यांकडे आहे आणि तो पाळीपाळीनें फिरतो. ज्याची पाळी असेल तो पाळीकर. पाळीबरोबर मान येतो, तशीच जोखीमहि येते. आजचा पाळीकर कोण हें शेजारच्यास ठाऊक, आणि उद्यांचा कोण हें आजच्यास ठाऊक. गिरणींतली रात्रपाळी व दिवसपाळी हे शब्द याच कुळांतले. मात्र गिरणींत पाळी म्हणजे केवळ वेळ, आणि देवळांत पाळी म्हणजे वेळेसह एका माणसाचें नांव.

दिवसाचें चक्र असें, तर वर्षाचें त्याहून मोठें. तुळजाभवानीची मूर्ति चल आहे. वर्षांतून तीनदां ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजविली जाते. भाद्रपद वद्य अष्टमीपासून घटस्थापनेपर्यंत घोरनिद्रा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर आश्विनी पौर्णिमेपर्यंत श्रमनिद्रा. आणि पौष शुद्ध प्रतिपदेपासून शाकंभरी नवरात्राच्या आरंभापर्यंत मोहनिद्रा. मोठ्या उत्सवापूर्वीं विसांवा व उत्सवाच्या श्रमानंतर पुन्हां विसांवा, ही तजवीज वेळापत्रकांतच गोंवलेली आहे. या चक्राचे दांते तुळजापुराच्या वेशीबाहेरहि पोंचतात. दसऱ्यासाठीं पालखी अहिल्यानगरजवळच्या बुऱ्हाणनगराहून येते, पलंग पुणें जिल्ह्यांतील घोडेगांवाहून निघतो. कोसांच्या अंतरावरील हे कारागीर व मानकरी देवळाच्या कचेरींतून कोणी स्मरणपत्र धाडील म्हणून थांबत नाहींत. पंचांगांतली तिथि हेंच त्यांचें स्मरणपत्र.

परंतु तोंडीं चालणाऱ्या नेमांत एक उणीव असते. सर्व कांहीं सुरळीत आहे तोंवर तो उत्तम चालतो. वाद उपजला कीं मात्र ज्याची त्याची आठवण निराळी निघते. मग लेखाची गरज पडते. हा मुलूख हैदराबाद संस्थानांतला. १८५३ च्या तहानें तो इंग्रजांच्या ताब्यांत गेला, मेडोज टेलर यानें नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहिला, आणि १८६० मध्यें तो निजामाकडे परत आला. १८६५ मध्यें सर सालारजंग यांनीं जिल्हाबंदी करून संस्थानाच्या कारभारास ठराविक घडी घातली. १९०४ मध्यें जिल्ह्याचें ठाणें नळदुर्गाहून धाराशिवास हललें. आणि १९०९ मध्यें मंदिराच्या कारभारासाठीं नियम लेखी झाले. ती नियमावली ‘देऊळ-ए-कवायत’ या नांवानें ओळखली जाते.

या नांवाची गंमत पाहण्याजोगी आहे. मूळ अरबी शब्द ‘कवाइद’ हा ‘काइदा’ याचें अनेकवचन. म्हणजे कवायत म्हणजे निव्वळ कायदे. मराठींत मात्र कवायत म्हटली कीं पलटणीचीं पावलें डोळ्यांपुढें येतात. एकच नियम रोज पाळला कीं त्याची हालचाल बनते, आणि अंगवळणीं पडलेल्या हालचालीस मग हुकूम लागत नाहीं. नियमाचा सारा प्रवास या एका शब्दाच्या अर्थबदलांत उतरला आहे.

पुढें सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १९५६ मध्यें हा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यांत आला आणि १९६० मध्यें महाराष्ट्रांत. दरबार गेला, भाषा बदलली, मंदिर संस्थानच्या अध्यक्षपदीं जिल्हाधिकारी आले. तरी बेशिस्तीबद्दल एखाद्या पुजाऱ्यास मंदिरप्रवेश बंद करावयाचा झाल्यास आजहि त्याच १९०९ च्या नियमांचा आधार घेतला जातो. याचें कारण उघड आहे. नेम लेखी झाला म्हणजे तो नुसता पाळावयाचा राहत नाहीं. त्याबद्दल जाबहि विचारतां येतो.

येथेंच यंत्राच्या व माणसाच्या वेळापत्रकांतला भेद ध्यानीं येतो. संगणकाच्या टिपणांतील एखादें काम बिघडलें, तर मुद्दाम तजवीज केली नसल्यास तें मुकाट्यानें बिघडतें. रोजचा हिशेब लिहिला गेला नाहीं हें कोणास महिन्यानें कळतें, तर कोणास कधींच कळत नाहीं. कारण त्या ओळीपुढें वेळ असते, काम असतें, पण जबाब देणारा नसतो. पाळीकर उभा राहिला नाहीं तर तें त्याच घटकेस दिसतें, आणि कोण चुकला हेंहि तत्काळ कळतें.

या नेमाची कसोटी मार्च २०२० मध्यें लागली. महामारीमुळें देवळांचे दरवाजे भक्तांस बंद झाले, ते त्या वर्षीं १६ नोव्हेंबरपर्यंत उघडले नाहींत. एरवीं लक्षावधि माणसें लोटतात तें शारदीय नवरात्र तुळजापुरानें भक्तांवांचून पाहिलें. फुलें, प्रसाद व परडी विकून पोट भरणाऱ्या गांवावर तो काळ कठीण गेला. पाहणारा नाहीं, नवस फेडणारा नाहीं. घड्याळापुरता नेम असता तर तो थांबला असता तरी कोणाची फारशी तक्रार नव्हती. परंतु चरणतीर्थ चुकलें नाहीं, निद्रा टळली नाहीं, घट वेळेवर बसले. कारण प्रत्येक पहाटेसमोर कोणाचें तरी नांव लिहिलेलें होतें.

वेळ सांभाळण्याचें काम आतां यंत्रावर खुशाल सोंपवावें. तें माणसाहून चांगलें सांभाळील. मात्र टिपणांतील त्या पांच घरांच्या शेजारीं सहावें घर आंखून त्यांत पाळीकराचें नांव घालावयास विसरूं नये.