दुर्बिणीचे तेलपाणी

दुर्बीण म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आरसा येतो, तारे येतात, शास्त्रज्ञांची नावे येतात. त्या आरशाला ताऱ्याच्या मागोमाग फिरविणारे गिअर आणि बेअरिंग मात्र कोणी आठवीत नाही. गंगापूर रोडवरच्या या सभेतील पुष्कळांचा संबंध सातपूरच्या कारखान्यांशी आलेला आहे. म्हणून ही बाजू आम्ही आपणांपुढे मांडीत आहोत.

पुण्याच्या सायन्स कॉलेजातील प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीच्या आधाराने वेधशाळा उभी केली. तिचा आरंभ १८८८ चा. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातील तिची २० इंची दुर्बीण त्या काळी देशात सर्वांत मोठी होती. अशा दुर्बिणीचा मुख्य आस २३ तास ५६ मिनिटांत एक फेरा पुरा करील इतक्या नेमक्या गतीने वळावा लागतो. त्या काळी हे काम खाली उतरणाऱ्या वजनावर चालणारे घड्याळयंत्र करी. तेल घट्ट झाले, दात्यांत धूळ बसली, की तारा जागचा हललाच.

१९१२ साली नायगमवाला निवृत्त झाले; वेधशाळा बंद झाली आणि यंत्रे कोडाईकनालला गेली. एका माणसाबरोबर वेधशाळा मिटते, याचा आम्ही एकच अर्थ लावतो: यंत्र आणले गेले, पण त्यामागे माणसांची परंपरा उभी केली गेली नाही.

पुढे पुण्यात आयुका ही संस्था निघाली. तिची २ मीटर व्यासाची दुर्बीण २००६ साली जुन्नरजवळ गिरवलीच्या डोंगरावर सुरू झाली. ही दुर्बीण उभ्या आणि आडव्या अशा दोन आसांवर फिरते. दोहोंची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून मोटारी संगणकाच्या हुकुमाने चालतात. वजनाचे घड्याळ गेले; तेलपाणी मात्र सुटले नाही. उलट कामे वाढली. आरशावरचा ॲल्युमिनियमचा थर मंदावला की उतरवून नवा चढवावा लागतो. बेअरिंग टिकते, पण ते चालविणारे इलेक्ट्रॉनिक भाग आधी जुने होतात आणि बदलावे लागतात.

खरेदीचा पैसा एकदाच लागतो, निगेचा दरवर्षी. म्हणून आमचे मागणे साधे आहे. यंत्राच्या खर्चाचा कागद तयार होईल त्याच दिवशी, ते सांभाळणाऱ्या कारागिराचा कायम पगारही त्याच कागदावर लिहिला जावा.