गड आणि गढ

स्थलनाम हा एक लहानसा ऐतिहासिक दस्तऐवजच होय. परभाषेच्या ग्रंथात ते ज्या रूपाने शिरते, त्यावरून ते कोणी ऐकले व कोणी लिहिले याचा माग लागतो. रायपुरास नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा आहे. २००१ व २०११ च्या जनगणनेची इंग्रजी कोष्टके पाहावीत. बिलासपुरापलीकडच्या, एके काळी संस्थान असलेल्या रायगढचे जे स्पेलिंग, तेच महाराष्ट्रातील रायगडचे! शिवछत्रपतींची राजधानी आणि छत्तीसगढचा जिल्हा यांत कोष्टकापुरता भेदच उरलेला नाही.

हे कसे घडले? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज अधिकारी कानाला येईल तसे लिहीत. रेसिडेंट जेंकिन्स यांचा भोसल्यांच्या मुलखावरील अहवाल १८२७ साली छापला गेला; त्याच्या शीर्षकातच नागपूरचे 'नागपोर' झालेले आहे. कोकणातील सुवर्णदुर्गाची कथा याहून मौजेची. १७५५ साली कमोडोर जेम्सने तो आंग्र्यांकडून जिंकला. त्याच्या स्मरणार्थ १७८४ साली लंडनजवळ जो मनोरा उभारला गेला, त्याचे नाव 'सेव्हर्नड्रूग'. 'सुवर्णा'च्या जागी इंग्रजांच्या ओळखीची सेव्हर्न नदी येऊन बसली!

या अराजकाला शिस्त लावली ती विल्यम हंटर यांनी. १८७१ साली त्यांनी भारतीय विशेषनामांच्या लेखनाची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली, आणि १८८१ साली त्यांच्या इंपीरियल गॅझेटियरचे नऊ खंड बाहेर पडले. कानाऐवजी देशी लिपीतील अक्षर प्रमाण मानावे, हे त्यांचे तत्त्व. मात्र रूढीपुढे शास्त्रालाही नमावे लागले. १९०८-०९ च्या सुमारास निघालेल्या आवृत्तीतही 'जबलपोर', 'सॉगर', 'पूना' ही जुनीच रूपे टिकून राहिली. १९०६ साली रायपूर व बिलासपूर जिल्ह्यांचे भाग तोडून जो नवा जिल्हा केला, तो तर त्याच ग्रंथात 'ड्रग' म्हणून नोंदला गेला. दुर्गाचे औषध व्हावे, ही विटंबना पुढे दुरुस्त झाली.

रायगडाचे दुखणे निराळे. हिंदीत 'गढ' शब्दाचा अंत्य वर्ण जीभ झटकून उच्चारतात. त्यासाठी हंटरपद्धतीने 'आर' व 'एच' ही अक्षरे योजली. छत्तीसगढला ती शोभतात. मराठीतील 'गड' मात्र 'ड'नेच संपतो. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, आणि हिंदीसाठी कापलेला अंगरखा त्याच्या अंगावर चढला. येथे दोष पद्धतीचा नव्हे. एका भाषेचा नियम दुसरीला लावण्याचा होय.

असे आपल्याकडेच घडते असे नाही. कवी निजामीचे जन्मस्थान असलेले अझरबैजानातील गंजा शहर इंग्रजी ग्रंथांत दीर्घकाळ रशियनमार्गे पोहोचत राहिले. रशियनमध्ये 'ज'साठी स्वतंत्र अक्षर नाही. तेथे दोन अक्षरे जोडावी लागतात. इंग्रजीने त्याची जशीच्या तशी नक्कल केली आणि 'ग्यांझ्झा' म्हणावे असे काहीतरी तयार झाले. १९९१ नंतर त्या देशाने लॅटिन लिपी स्वीकारली, तेव्हा स्वभाषेतील रूपाला मान मिळू लागला.

स्थलनामांच्या बदलाविषयी आपल्या गृहमंत्रालयाची मार्गदर्शक तत्त्वे १९५३ पासून आहेत, आणि स्पेलिंग बदलतानाही रेल्वे, टपाल व सर्वेक्षण खात्यांचे मत घेतले जाते. तेव्हा दुरुस्तीचा मार्ग मोकळा आहे. हवा आहे तो आग्रह. उद्याचा अभ्यासक आमच्या फायलींतूनच इतिहास शोधणार. त्याला रायगड शोधताना रायगढला जावे लागू नये, एवढे तरी लेखणी हाती असलेल्या आपण कारकुनांनी पाहावे. छत्तीसगढचा 'ढ' छत्तीसगढला लाभो. आमचा 'ड' आम्हाला मिळो.