मास्तर घाट चढून आले

फ्रेडी मर्क्युरी पाचगणीत शिकला, हे इथे येणारा प्रत्येक पर्यटक ऐकूनच घाट उतरतो. 1950च्या दशकात फारुख बलसारा हा मुलगा झांझिबारहून समुद्र ओलांडून सेंट पीटर्समध्ये आला. मला त्याच्या गाण्यापेक्षा त्या प्रवासाचं नवल वाटतं. चांगलं शिकायचं तर मुलाने मास्तरांकडे जायचं, हा तेव्हाचा रिवाज. आमचं बोर्डिंग शाळांचं गाव त्याच रिवाजावर उभं राहिलं.

मास्तरांनी मुलाकडे जायचं, हा उलटा प्रवासही तसा जुनाच. 1840 साली इंग्लंडमध्ये टपाल स्वस्त झालं आणि आयझॅक पिटमन पोस्टाने शॉर्टहँड शिकवू लागला. विद्यार्थी लिहून पाठवायचे, तिकडून दुरुस्त होऊन परत यायचं. ही दुरुस्ती महत्त्वाची. ती नसती तर घरी पुस्तक वाचण्यात आणि यात फरक काय?

आपल्याकडे नाशिकचं मुक्त विद्यापीठ 1989चं, एमएस-सीआयटी 2001ची. एमएस-सीआयटीने गावोगावच्या गाळ्यांत पोरांच्या हाती माऊस दिला. पण तो कॉम्प्युटर वापरायला. प्रोग्रामिंग शिकायचं तर पुण्याची एसटी धरा, खोलीभाडं भरा.

माझ्यापर्यंत प्रोग्रामिंग आलं ते आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’मधून. साधारण दहा मिनिटांचा एकेक व्हिडिओ, मराठी आवाजात. यातली खरी हुशारी अशी, की भाषा बदलते ती फक्त आवाजाची. पडद्यावरचं सॉफ्टवेअर इंग्रजीच राहतं. म्हणजे डोक्याला मराठीत कळतं आणि हात नोकरीत लागणाऱ्या इंग्रजी बटणांना सरावतो. एका खिडकीत व्हिडिओ, शेजारच्या खिडकीत तेच आपण करून बघायचं. पावसाळ्यात इथे धुक्याबरोबर रेंजही गायब होते आणि वीजही, म्हणून मी व्हिडिओ आधीच उतरवून ठेवायचो.

मग फ्रीकोडकॅम्प सापडलं. 2014 साली सुरू झालेलं, फुकट. एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्येच लिहायचं आणि बरोबर की चूक ते लगेच कळतं. पिटमनचं टपाल इथे क्षणात परत येतं म्हणा ना! फक्त ‘अरे, तुझा घोळ दोन ओळी वरच झालाय’ असं खांद्यावर हात ठेवून सांगणारं कुणी नसतं. माझ्या ओळखीची बरीच पोरं तिथेच थांबली. हुशारीत ती कमी नव्हती.

2016च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा स्वस्त झाला आणि शिकवणारे थेट खिशात येऊन बसले. पण ॲप बनवण्याचे धडे मोबाइलवर बघता येतात, ॲप बनवायचा अँड्रॉइड स्टुडिओ मोबाइलवर चालत नाही. त्याला निदान 8 जीबी रॅमचा कॉम्प्युटर लागतो. कोर्स फुकट आणि लॅपटॉप मात्र हॉटेलातल्या वेटरच्या कित्येक पगारांचा, हे गणित जाहिरातीत कुणी मांडत नाही.

सध्या माझ्या लॅपटॉपला तिघांच्या पाळ्या आहेत. एकाची हॉटेलातली ड्युटी रात्री अकराला सुटते, म्हणून त्याची पाळी शेवटची. तो येईपर्यंत मी चार्जिंग पूर्ण करून ठेवतो.