घरचा प्रिंटर बिघडलाय? दुकानात नेण्याआधी हे पार्ट स्वतः तपासा

सकाळी परीक्षा आहे, रात्रीचे अकरा वाजलेत, झेरॉक्सचं दुकान बंद, हॉल तिकीट मोबाइलमध्ये तयार आहे आणि घरचा प्रिंटर कागद घ्यायलाच तयार नाही. असं तुमच्याही घरी झालं असेल. माझा इंक टँक प्रिंटर असाच अडून बसला, तेव्हा दुरुस्तीवाल्याने अख्खी रोलर असेंब्ली बदलायला सांगितली. त्याच्या आकड्यात अजून थोडे पैसे घातले असते तर नवा प्रिंटर आला असता. प्रत्यक्षात रोलरवर फक्त कागदाची धूळ बसली होती. ओल्या फडक्याने पुसल्यावर पाच मिनिटांत काम झालं. तेव्हापासून मी घरचे आणि मित्रांचे बरेच प्रिंटर उघडलेत. त्यातले काही दुरुस्त झाले आणि एक मी स्वतः घालवला. त्याचीही गोष्ट खाली येईल.

आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. वॉरंटी चालू असेल तर स्क्रूला हात लावू नका. इंक टँकवाला प्रिंटर आडवा किंवा उलटा करू नका, शाई आत सांडते. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे प्रत्येक स्क्रू काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी बसवला तर प्लास्टिक फुटतं. फोटो असला की हा घोळच होत नाही.

कागद ओढत नाही, किंवा एकदम तीन-चार ओढतो

ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार आहे. कागद आत ओढणारा रबरी रोलर म्हणजे पिकअप रोलर. कागदाचा बारीक भुगा बसून तो गुळगुळीत होतो आणि कागदावरून नुसता घसरतो. मागून कागद लावायचा प्रिंटर असेल तर मोबाइलचा टॉर्च मारा, रोलर तिथेच दिसेल. स्वच्छ सुती कापड पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि रोलर थोडा थोडा फिरवत सगळीकडून पुसा. थिनर, पेट्रोल अजिबात नको, त्याने रबर फुगतं. पुसूनही घसरत असेल तर बारीक पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने एक-दोनदा फिरवा. काही मॉडेलमध्ये रबराची नळी रोलरवरून सरकून निघते. ती उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर करून बसवली की बरेच महिने निभतं.

रोलरला रबर बँड गुंडाळायचा जुगाड व्हिडिओंमध्ये दिसतो. तो चालतो, पण चार दिवस. मग रबर बँड तुटून आत अडकतो आणि एका दुखण्याची दोन होतात.

एकदम जास्त कागद येत असतील तर रोलरच्या समोरची छोटी रबरी किंवा बुचासारखी पट्टी, म्हणजे सेपरेशन पॅड, झिजलेली असते. ती पुसा, नाहीतर नवी बसवा. बऱ्याच मॉडेलसाठी ती सुटी मिळते. मात्र पावसाळ्यात आधी कागदावर संशय घ्या. कोकणात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको, तिथे उघडं ठेवलेलं रीम दमट होऊन कागद एकमेकांना चिकटतात. रीम प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा.

कागद नाही, तरी ‘पेपर जॅम’

कागदाच्या वाटेवर काळ्या प्लास्टिकची छोटी दांडी असते. कागद आला की ती हलते आणि एका सेन्सरचा प्रकाश अडवते किंवा मोकळा करते. तिची केसाएवढी स्प्रिंग निसटली किंवा दांडीचं टोक मोडलं, की प्रिंटरला कायम कागद अडकल्यासारखा वाटतो. बोटाने हलवून बघा, ती आपोआप जागेवर यायला हवी. टोक मोडलं असेल तर तेवढाच काळा, जाडसर प्लास्टिकचा तुकडा चिकटवून चालतं. पारदर्शक तुकडा चालणार नाही, त्यातून प्रकाश आरपार जातो.

हेड धाडकन एका बाजूला आपटतं

आता माझी चूक. इंकजेटमध्ये हेडच्या मागे एक पातळ पारदर्शक पट्टी ताणून बसवलेली असते. तिला एन्कोडर स्ट्रिप म्हणतात. तिच्यावरच्या अतिबारीक रेघा मोजून हेडला आपण कुठे आहोत ते कळतं. पट्टीवर शाई किंवा ग्रीस लागलं की मोजणी चुकते आणि हेड भिंतीवर आपटतं. मी स्पिरिटमध्ये कापूस बुडवून पट्टी जोरात घासली. डाग गेला, पण सोबत रेघाही गेल्या! तुम्ही फक्त चष्मा पुसायचं कापड किंचित ओलं करून, दाब न देता पुसा. पट्टी स्प्रिंगवरून निसटली असेल तर परत लावताना ती हेडच्या मागच्या खाचेतून गेली आहे ना, ते बघा.

मोडलेलं प्लास्टिक आणि गिअर

ट्रेचा कान किंवा स्कॅनरच्या झाकणाची बिजागरी मोडली तर फेविक्विक आणि खाण्याचा सोडा ही जोडी भारी आहे. भेगेत सोडा भरायचा, वरून एक-दोन थेंब टाकायचे. मिश्रण क्षणात दगडासारखं होतं आणि गरमही होतं, म्हणून बोट लावू नका. हे काम भाग प्रिंटरबाहेर काढूनच करा. फेविक्विकची वाफ काचेवर पांढरा थर धरते, आणि तो स्कॅनरच्या काचेवर बसला तर नवं काम लागतं.

गिअरचं मात्र वेगळं आहे. टक-टक आवाज येत असेल तर झाकण उघडून मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ घ्या. कुठला दात सटकतोय ते दिसतं. पण हे गिअर बहुतेक अशा गुळगुळीत प्लास्टिकचे असतात, की त्यांना फेविक्विक धरतच नाही. मीही दोनदा प्रयत्न करून नाद सोडला. त्याच मॉडेलचा भंगार प्रिंटर शोधा. मुंबईत लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, किंवा गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे पडलेल्या डब्यांत बघा. थ्रीडी प्रिंट करून घेणार असाल तर दात मोजा, व्यास मोजा, दात सरळ आहेत की तिरके तेही सांगा. खोबरेल तेल किंवा शिलाई मशीनचं तेल घालू नका. ते पसरून रोलरपर्यंत गेलं, की परत कागद घसरायला सुरुवात.

इथे हात लावू नका

पॉवर सप्लायचा डबा प्लग काढल्यावरही काही वेळ धरून ठेवलेला करंट देऊ शकतो. तो उघडायचाच नाही. लेझर प्रिंटरमध्ये टोनर कागदावर वितळवणारा फ्युजर साधारण 200 अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. अडकलेला कागद काढायचा असला तरी अर्धा-पाऊण तास थांबा. सांडलेली टोनर पावडर घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नका, ती इतकी बारीक असते की फिल्टरमधून निसटून खोलीभर पसरते. गार पाण्यात भिजवलेल्या फडक्याने टिपा. गरम पाणी घेतलंत तर ती तिथेच चिकटेल.