यंत्राचा नि:श्वास

मोटरसायकलच्या हवेच्या गाळणींत तेल दिसलें कीं मालक धास्तावतो. पण तें तेल तेथें मुद्दाम आणलेल्या वाटेनें येतें.

दट्ट्याच्या कड्यांजवळून थोडा वायु नेहमींच खालच्या पेटींत निसटतो. त्यास बाहेर वाट हवी, आणि जातांना तो तेलाचे तुषार नेतो. आरंभींच्या गाड्यांत तेल एकदांच फिरून जळे किंवा रस्त्यावर गळे. हार्ले-डेव्हिडसननें १९३६ सालीं तेल फिरतें ठेवणारें नवें एंजिन आणलें. नि:श्वास मात्र उघड्यावरच राहिला.

१९५० नंतर हागेन-स्मिट यांनीं लॉस एंजेलिसच्या धुरक्याचा संबंध पेट्रोलच्या वाफांशीं जोडला. कॅलिफोर्नियांत १९६१ च्या नव्या मोटारींत हा वायु परत एंजिनांतच जाळण्याची योजना आली. हार्लेच्या मोठ्या एंजिनांत १९९३ पासून तो माथ्यांतून थेट गाळणींत जाऊं लागला.

म्हणून तेल खुणेवर भरूं नये, गाळणी पुसावी. फारच आलें तर कड्या तपासाव्या. नळी काढून रस्त्यावर लोंबती सोडणें म्हणजे आपला केर शेजाऱ्याच्या अंगणांत लोटणें होय.