आधारचे चिन्ह, पत्र आणि कार्ड: रचना कशी घडत गेली

देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातील टेंभली गावात देण्यात आले. तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या वेळी उपस्थित होते. पुढच्याच वर्षीच्या जनगणनेत या आदिवासीबहुल जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के, म्हणजे राज्यात सर्वांत कमी नोंदली गेली. आधारचे दृश्यरूप अशा लोकांसाठीही हवे होते, ज्यांना ते वाचता येणार नव्हते.

त्याआधी काही महिने देशभरातून बोधचिन्हे मागवण्यात आली होती. दोन हजारांहून अधिक प्रवेशिकांमधून अतुल सुधाकरराव पांडे यांचे चिन्ह निवडले गेले: लाल-पिवळा सूर्य आणि त्याच्या मध्यभागी बोटाच्या ठशाच्या रेषा. मराठीत ‘अंगठाछाप’ हा शब्द निरक्षर माणसाला हिणवण्यासाठी वापरला जातो. बोटांचे ठसे वाचणारी यंत्रे आल्यावर तोच ठसा ओळखीचा पुरावा झाला आणि चिन्हात थेट सूर्याच्या जागी जाऊन बसला. व्यवहारात मात्र तो सगळ्यांना सारखा साथ देत नाही. शेतात, वीटभट्टीवर राबणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात आणि रेशन दुकानातील यंत्र त्यांना ओळखेनासे होते. नोंदणीत दहा बोटांबरोबर डोळ्यांच्या बुबुळांचेही ठसे घेतले जातात, त्यामागे हेही एक कारण आहे.

पत्रावरील मजकूर राज्यभाषेत आणि इंग्रजीत असतो. टेंभलीच्या परिसरात घरोघरी भिली, पावरी किंवा अहिराणी ऐकू येते, पण छापली जाते ती मराठी. नाव बहुधा रोमन लिपीत टंकित होते आणि देवनागरी रूप संगणक सुचवतो. रोमन लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’ सारखेच दिसतात, त्यामुळे चूक तिथेच पकडली नाही तर ती दुरुस्तीसाठी पुन्हा केंद्राची वारी. बारा अंक चार-चारच्या तीन गटांत छापतात, कारण सलग बारा अंक डोळ्याला पेलत नाहीत. शेवटचा अंक आधीच्या अकरा अंकांवरून गणिताने काढलेला असतो. एखादा अंक चुकून वेगळा टाइप झाला, तर संगणकाला ते लगेच कळते.

सर्वांत रंजक बदल लोकांनी घडवला. आधार हे मुळात टपालाने येणारे कागदी पत्र. लोकांनी त्याचा खालचा भाग कापून लॅमिनेट केला, मग झेरॉक्सच्या दुकानांतून प्लास्टिकची ‘स्मार्ट कार्डे’ काढून घेतली. ओळखपत्र म्हणजे खिशात मावणारे, कडक काहीतरी, ही समजूत मतदार ओळखपत्र आणि एटीएम कार्डाने पक्की केली होती. अशा छपाईने क्यूआर कोड निकामी होऊ शकतो आणि अशा कार्डाची गरजही नाही, असे प्राधिकरणाने २०१८ मध्ये बजावले. पण कागद पावसात भिजतो, घामाने विरतो, हे लोकांचे म्हणणे खोटे नव्हते. अखेर ऑक्टोबर २०२० मध्ये प्राधिकरणानेच सुरुवातीला ५० रुपयांत पीव्हीसी कार्ड आणले. त्यावर होलोग्राम आणि डोळ्याला जेमतेम दिसणारी सूक्ष्म अक्षरे आहेत.

खासगीपणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, त्याच काळात पहिले आठ अंक झाकलेली ‘मास्क्ड’ प्रतही संकेतस्थळावर मिळू लागली. ती उतरवण्यासाठी आधी कॅप्चातील वेडीवाकडी अक्षरे वाचावी लागतात, मग मोबाइलवरचा ओटीपी. ज्याला हे जमत नाही तो सेवा केंद्रात जातो. तिथे पडदा केंद्रचालकासमोर असतो आणि ज्याचे आधार तो टेबलापलीकडे उभा राहून आपल्या मोबाइलवर आलेला ओटीपी दाखवतो.