दीट्ल, एडुआर्ट

(२१ जुलै १८९०–२३ जून १९४४). जर्मन पर्वतीय पायदळाचा सेनानी. बव्हेरियातील बाड आयब्लिंग येथे जन्म. १९०९ मध्ये तो बव्हेरियन सैन्यात दाखल झाला आणि पहिल्या महायुद्धात लढून त्याने आयर्न क्रॉस हे शौर्यपदक मिळविले. १९१९ मध्ये तो फ्रान्झ फोन एप याच्या स्वयंसेवक दलात गेला. नाझी पक्ष बाल्यावस्थेत असतानाच हिटलरशी त्याचे सूत जुळले आणि अखेरपर्यंत टिकले.

पर्वतीय पायदळ म्हणजे बर्फात व कड्यांवर लढण्यास तयार केलेली सेना. स्की, दोर आणि सुटे भाग करून खेचरांवर लादता येणाऱ्या हलक्या तोफा ही तिची साधने, तर टोपीवरील व बाहीवरील एडलवाइस हे आल्प्समधील फूल ही तिची खूण. ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन केल्यावर १९३८ मध्ये तेथील सैनिकांतून उभारलेल्या तिसऱ्या पर्वतीय डिव्हिजनचे नेतृत्व दीट्लकडे आले.

त्याची कीर्ती मुख्यत: नार्व्हिकच्या लढाईवर उभी आहे. स्वीडनमधील किरुनाचे लोहखनिज हिवाळ्यातही न गोठणाऱ्या या नॉर्वेजियन बंदरातून जर्मनीला जात असल्याने ९ एप्रिल १९४० रोजी दहा विनाशिकांतून सुमारे २,००० सैनिक तेथे उतरविण्यात आले. बंदर त्याच दिवशी हाती आले. मात्र १० व १३ एप्रिलच्या चकमकींत ब्रिटिश नौदलाने दहाही विनाशिका नष्ट केल्यामुळे दीट्लचा समुद्रमार्ग तुटला. बुडालेल्या जहाजांवरील सुमारे २,६०० नौसैनिकांना त्याने एल्व्हेगॉर्ड्समूएन येथील नॉर्वेजियन कोठारात सापडलेले गणवेश व बंदुका देऊन पायदळ म्हणून उभे केले. तोफा घेऊन गोठलेल्या हार्टव्हिक तळ्यावर उतरलेली बहुतेक युंकर्स विमाने पुन्हा उडू शकली नाहीत व तेथेच अडकून पडली. नॉर्वेजियन, फ्रेंच, पोलिश व ब्रिटिश फौजांनी २८ मे रोजी नार्व्हिक परत घेतले आणि दीट्ल लोहमार्गाच्या कडेने स्वीडनच्या सरहद्दीकडे रेटला गेला. तथापि फ्रान्सची पडझड सुरू झाल्याने दोस्तांनी जूनच्या आरंभी सैन्य काढून घेतले. त्याची चिकाटी नाकारता येत नाही. पण नाझी प्रचाराने ज्याला ‘नार्व्हिकचा वीर’ म्हणून मिरविले, त्याची सुटका नॉर्वेच्या डोंगरांत नव्हे, फ्रान्सच्या मैदानात झाली. मे महिन्यात त्याला नाइट्स क्रॉस मिळाला होता. त्यावरील ‘ओकची पाने’ हा वरचा दर्जा १९ जुलै १९४० रोजी सर्वप्रथम त्यालाच देण्यात आला.

जून १९४१ च्या अखेरीस त्याने फिनलंडमधील पेट्सामोहून मुर्मान्स्कवर चढाई केली. झाडे नाहीत, रस्ते नाहीत, अशा टुंड्रा प्रदेशात रसद मागे पडली आणि लित्सा नदीपाशी हल्ला थबकला. मुर्मान्स्क अखेरपर्यंत जर्मनांच्या हाती लागले नाही. तरीही १९४२ मध्ये लॅपलंडमधील जर्मन सेनेची सूत्रे त्याच्याकडे आली व तो कर्नल-जनरल झाला.

ऑस्ट्रियातील स्टिरिया प्रांतात रेटेनेग गावाजवळ विमान कोसळून तो मरण पावला. त्याच अपघातात आणखी तीन जर्मन जनरल दगावले. मरणोत्तर त्याला ‘तलवारी’ हा आणखी वरचा दर्जा मिळाला. १९६४ मध्ये पश्चिम जर्मन सैन्याने फ्यूसेन येथील छावणीला त्याचे नाव दिले होते. नाझी राजवटीशी असलेल्या त्याच्या जवळिकीवरून दीर्घकाळ वाद झाल्यावर १९९५ मध्ये ते बदलून ‘आल्गॉय छावणी’ करण्यात आले.